नाताळ, नायट्रो आणि दोन बोटं कमी पडलेली उंची

माझ्या बहिणीच्या मुलाची उंची आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवलेली आहे. गेल्या नाताळात खोपोलीच्या इमॅजिका या राइडच्या पार्कला गेलो, तेव्हा नायट्रो या रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी असलेल्या उंचीच्या पट्टीला तो दोन बोटं कमी पडला. टाचा उचलून झाल्या, केस फुगवून झाले. तिथल्या मुलीने हसतच, पण ठामपणे त्याला बाजूला घेतलं. परतीच्या लोकलमध्ये बदलापूर येईपर्यंत पठ्ठ्या गप्प. त्यामुळे यंदाची सहल तशी जूनमध्येच ठरली होती, चौकटीवरची नवी रेघ जुनीच्या चार बोटं वर गेली त्या दिवशी.

लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी पहिलं काम हेच करावं. घरी मुलाला भिंतीशी उभं करून अनवाणी मोजा आणि पार्कच्या साइटवर कुठल्या राइडला किती उंची लागते ते बघून ठेवा. तिथे वयाला कुणी विचारत नाही, आणि ऐन रांगेत मुलाचा हिरमोड झाला की पुढचे दोन तास सगळ्यांचेच फुकट जातात.

आता दिवस कोणता. आमच्या घरात नाताळच्या सुट्टीचे दोन प्रकार आहेत. मुलगी इंग्रजी माध्यमात, तिला एक जानेवारीपर्यंत रान मोकळं. भाचा मराठी शाळेत, त्याला फक्त पंचवीस तारीख. म्हणून गेल्या वर्षी आम्ही पंचवीसलाच गेलो आणि अख्ख्या मुंबई-ठाण्याला त्याच दिवशी तीच बुद्धी झाली होती. शिवाय मी हुशारी करून एका कूपनवाल्या साइटवरून स्वस्तात तिकिटं काढली होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, की वीस डिसेंबरनंतर जानेवारी उजाडेपर्यंत हे कूपन चालणार नाही. ते वाचलं फाटकाशी पोचल्यावर. तिकिटं पुन्हा काढली आणि नवऱ्याने दिवसभर एक शब्दही काढला नाही, हे त्याचं मोठेपण. तिकीट पार्कच्या स्वतःच्या साइटवरून, तारीख टाकूनच काढा. सणासुदीच्या आणि एरवीच्या दरात फरक असतो तोही तिथेच कळतो.

यंदा भाच्याला सरळ एक दिवस दांडी मारायला लावली आणि नाताळच्या आदल्या मंगळवारी गेलो. बहीण आधी कुरकुरली. पण झाड लावलेलं, दिवे सोडलेले, सांता फिरतोय, म्हणजे नाताळ सगळा होता, फक्त गर्दी नव्हती. माझं मत विचाराल तर पार्क पंचवीसच्या आधी कामाच्या दिवशी उरकावा आणि चोवीसची संध्याकाळ वांद्र्याला द्यावी.

जायचं कसं, हे दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलंय. गेल्या वर्षी लोकलने गेलो. सीएसएमटीवरून थेट खोपोली लोकल आहेत, पण मोजक्याच. नाहीतर कर्जतला बदलायचं. कर्जतपुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी चिमुकली स्टेशनं लागतात. डब्यात मोजकी माणसं, खिडकीतून वाळलेलं सोनेरी गवत आणि मागे सह्याद्रीची भिंत. भांडुपच्या माणसाला हा प्रवास म्हणजेच अर्धी सहल. स्टेशनबाहेर पालीच्या दिशेला जायला रिक्षा मिळते, भाडं मात्र बसायच्या आधी ठरवा. एकच कळीची गोष्ट, परतीच्या खोपोली लोकलची वेळ सकाळीच टिपून ठेवा. एक चुकली तर पुढच्या गाडीला बराच वेळ असतो आणि दमलेली मुलं फलाटावर सांभाळणं ही नायट्रोपेक्षा थरारक राइड आहे. सुट्टीच्या दिवशी जाणार असाल तर रेल्वे रविवारचं वेळापत्रक चालवते, तेही बघून घ्या.

यंदा सासूबाई बरोबर होत्या म्हणून गाडी ठरवली. ड्रायव्हर सहाचा सांगून सात वाजता उगवला. एक्स्प्रेसवेवर खालापूरचा टोलनाका ओलांडला की पुढे खोपोलीचा फाटा. घाट त्याच्याही पुढे सुरू होतो, त्यामुळे लोणावळ्याला निघालेल्यांच्या घाटातल्या कोंडीत आपण सापडत नाही. पण नाक्यापर्यंत सगळ्यांची वाट एकच आणि नाताळ ते थर्टी फर्स्ट त्या रस्त्यावर सकाळी आठनंतर निघणाऱ्याचं काही खरं नसतं. आमचा तो एक तास नेमका तिथेच नडला.

गाडीचा एक फायदा झाला. सासूबाईंची अट होती, "अगं, एवढं खोपोलीपर्यंत जायचं आणि महडच्या गणपतीला टांग मारायची? मी नाही येत जा." अष्टविनायकांतला वरदविनायक तिथून जवळच. देवळातला नंदादीप 1892पासून अखंड तेवतोय असं सांगतात. जाताना नको, उशीर होईल, परतताना जाऊ, असा तह झाला. पालीचा बल्लाळेश्वरही त्याच रस्त्याने पुढे आहे, पण एका दिवसात पार्क आणि पाली दोन्ही करायला जाऊ नका, दोन्हीकडे धावपळच होईल.

इमॅजिका सुरू झालं 2013 साली. माझ्या पिढीची राइडची ओळख मात्र गोराईच्या एस्सेलवर्ल्डची. 1989 साली ते उघडलं आणि शाळेची सहल खाडीच्या बोटीने तिकडे गेली की तो दिवस वर्षभर पुरायचा. तो पार्क गेली काही वर्षं बंद आहे. शेजारचं वॉटर किंगडम चालू आहे, पण डिसेंबरात लेक पाण्यातून दात वाजवत बाहेर येते असा अनुभव असल्याने मी ते मे महिन्यासाठी राखून ठेवते. बोटीत बसायची हौस असेल तर विपश्यना पॅगोडा त्याच बाजूला आहे.

तर नायट्रो. फाटक उघडताच लोक पहिल्या दिसेल त्या राइडला चिकटतात. तसं करू नका, सरळ नायट्रोकडे चालत सुटा. भाचा तर पळतच होता. पट्टीशी उभा राहिला, या वेळी टाचा जमिनीला घट्ट. मुलीने पट्टीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आत जा म्हणून हात केला. एवढ्या वेळात मी श्वास घेतला होता की नाही आठवत नाही.

"काका नको, मावशी तू चल," म्हणाला. काकाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहरा एकदम उजळला.

या गाडीला पायाखाली तळ नाही. खांद्यावरून पट्टा येऊन छातीशी घट्ट बसतो आणि पाय झाडाला बांधलेल्या झोपाळ्यासारखे लोंबत राहतात. चप्पल, सँडल असेल तर आधी काढून ठेवावी लागते. चश्मा, मोबाइल, सुटे पैसे काहीही अंगावर नको. लॉकर आहेत, त्यात टाका. सुरुवातीला साखळी कटकटकट करत वर ओढते ते सगळ्यात वाईट. चाळीस मीटर म्हणजे साधारण तेरा मजले. वर पोचल्यावर क्षणभर सगळं थांबल्यासारखं होतं. समोर सह्याद्री, खाली माचिसच्या काड्यांएवढी माणसं, आणि शेजारून भाच्याचा अगदी शांत आवाज, "मावशी, मला उतरायचंय."

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. तासाला 105 किलोमीटरपर्यंतचा वेग आणि पाच वेळा डोकं खाली पाय वर. माझा घसा बसला. बाहेर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "परत?" दुसऱ्यांदा काकाला पाठवलं.

बाकी मोठ्यांच्या राइडमध्ये डीप स्पेस अंधारातली आहे. पुढचं वळण दिसत नाही म्हणून मला ती नायट्रोपेक्षा जास्त भ्यायला लावते. गोल्ड रश एक्स्प्रेस मधल्या वयाच्या मुलांना झेपते. सलीमगढ हे भुताचं घर आहे. आमच्या पाच वर्षांच्या लेकीला दारापर्यंतही नेलं नाही आणि तुम्हीही नेऊ नका, रात्री झोपवायचं आपल्यालाच असतं. तिने मॅजिक कॅरोसेलचे घोडे आणि कपबशीच्या मॅम्बो चाय चामाच्या फेऱ्या मारल्या. फेऱ्या किती झाल्या ते मोजणं मी सोडून दिलं.

ज्येष्ठांसाठी आय फॉर इंडिया. खुर्चीत बसायचं, पाय अधांतरी आणि समोर अवाढव्य पडद्यावर वरून दिसणारा देश. सासूबाई आत जाताना नको नको म्हणत होत्या, बाहेर येऊन म्हणाल्या, "सगळा देश बघून झाला, आता मला कुठे नेऊ नका." मान, पाठ, रक्तदाब यांपैकी काही असेल तर बाकीच्या मोठ्या राइडवरच्या सूचना खरंच वाचा.

आणि राजासॉरस. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या आपल्या देशी डायनासोरचं हे नाव, शास्त्रज्ञांनी 2003 साली ठेवलेलं. राइड बोटीची आहे आणि शेवटी उंचावरून पाण्यात घसरगुंडी. भिजणार म्हणजे भिजणार. डिसेंबरात खोपोलीला भर दुपारी ऊन मुंबईसारखंच चटकतं, पण पाच वाजले की डोंगरावरून गार वारा उतरतो. म्हणून ही राइड बारा ते दोनच्या मध्ये उरका आणि अंगावरच्याशिवाय एक पूर्ण जोड, मोज्यांसकट, बरोबर ठेवा. मी कपडे घेतले होते, बूट विसरले.

जेवण बाहेरून आत नेता येत नाही. सकाळी गाडीतच घावन आणि चटणी खाऊन घेतली, आत एकदाच जेवलो, तेही साडेअकराला. एक वाजता सगळ्यांना एकदम भूक लागते तेव्हा राइडच्या रांगा ओसरतात, त्या वेळात आम्ही तीन राइड केल्या. रांग टाळायचा वेगळा जादा पैशाचा पास मिळतो. पंचवीस तारखेलाच अडकला असाल तर घ्या, कामाच्या दिवशी गरज नाही. संध्याकाळची परेड मात्र बघून निघा. लेक काकाच्या, म्हणजे तिच्या बाबाच्या, खांद्यावर बसून हात हलवत होती आणि कुणीतरी तिलाच हात केला यावर ती अजून ठाम आहे. महडला पोचलो तेव्हा मुलं गाडीत गाढ झोपलेली, सासूबाई आणि मी दर्शन घेऊन आलो.

चोवीसला वांद्रे. गाडी अजिबात नेऊ नका. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून हिल रोडने चालत सुटायचं. दुकानांत चांदण्या, घंटा, येशूजन्माच्या गोठ्यातले छोटे मेंढपाळ आणि गाई. भाव करा. सेंट पीटर्स पार करत पुढे पोर्तुगीजांच्या काळातलं सेंट अँड्र्यूज, मग चिंबई आणि इकडे रानवर, ही जुनी गावठाणं. रानवरच्या गल्ल्यांत लाकडी जिन्यांची बुटकी घरं, ओसरीवर गोठा मांडलेला, वर कागदी चांदणी. लोकांच्या राहत्या घरांचे फोटो न विचारता काढू नयेत, एवढं तरी पाळावं. एका ओसरीवरच्या आजींना आमच्या सासूबाईंनी बेधडक विचारलं, "काय हो, करंज्या तुम्हीपण करता?" आजी अस्सल ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, मराठी आपल्यापेक्षा वेगळ्या हेलाची पण मराठीच. "नेवऱ्या म्हणतो आम्ही," म्हणाल्या. मग कुलकुल, म्हणजे नाताळचे तळलेले गोड शिंपले, तेलात फुगतात कशा, काट्यावर वळायच्या कशा, यावर दोघींची पंधरा मिनिटं. नाताळ हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून उचललाय, तेव्हा करंजी इकडून तिकडे गेली की तिकडून इकडे, हा वाद आम्ही रिक्षात घातला.

मध्यरात्रीची मिस्सा म्हणतात, पण बऱ्याच चर्चमध्ये ती रात्री लवकरच असते. बघायला जायचं तर वेळ आधी विचारा आणि मागे शांत उभे राहा. थर्टी फर्स्टच्या आधी गेलात तर नाक्यानाक्यावर जुने कपडे आणि पेंढा भरून बसवलेला ओल्ड मॅन दिसेल. पोरं त्याच्यासाठी पैसे मागतात आणि रात्री बारा वाजता तो पेटवतात. भाच्याने लगेच "म्हणजे होळीच" असं जाहीर करून दहा रुपये दिले.

सव्वीसला मुलीसाठी राणीच्या बागेत पेंग्विन. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, चालत. आईबाप आणि दोन मुलं मिळून शंभर रुपयांत होतं. बुधवारी बाग बंद असते. गर्दी भरपूर होती, पण पेंग्विनांच्या काचेशी तिने जागा धरली ती सोडलीच नाही.

भाच्याचे कॅनव्हासचे बूट तीन दिवस गॅलरीत होते. राजासॉरसचं पाणी इतकं मुरलेलं, की रोज सकाळी जुना पेपर काढून नवा कोंबत होते. चौथ्या दिवशी शाळेला तेच घालून गेला, जरा ओलसरच.