पाण्याची वेळ ठरली, तेव्हा

मी आमच्या वस्तीत घरोघरी जाऊन बीपी आणि शुगर तपासते. मुंबईच्या पूर्व उपनगरातली, खाडीकडेची पत्र्याची घरं. काय त्रास होतो विचारलं की बायका एकच सांगतात: "टेन्शन."

हे टेन्शन बहुतेक वेळा पाण्याचं असतं. विकतचं पाणी देणारा कधी रात्री दोनला पाइप सोडतो, कधी पहाटे चारला, कधी सोडतच नाही. म्हणून घरात कुणीतरी जागं राहायचं, आणि ती सूनच असते. दिवसा चार घरची धुणीभांडी, रात्री पाइपाकडे कान. वरचा बीपी दीडशेच्या पुढे गेला की डॉक्टर म्हणतात, झोप पूर्ण करा. कधी करायची? बाहेरून येऊन आमच्या बायकांना प्राणायाम शिकवणारी माणसं मनाने चांगली असतात, तरी मला राग येतो. आधी पाण्याचं बघा ना!

डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की झोपडी बेकायदा असली तरी त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. 2022 मध्ये महापालिकेचं सर्वांसाठी पाण्याचं धोरण आलं. हे मी गल्लीत समजावून सांगत होते, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे आपण चोर नाही?"

इतकी वर्षं त्या हे मनात घेऊन जगत होत्या.

त्यांनीच सामायिक नळासाठी पाच घरांचा गट जमवला. अर्ज, पुरावे, परत अर्ज. साहेब जागेवर नसले की बायका तिथेच बाकावर बसून राहायच्या. शेवटी नळ आला. पाणी थोडाच वेळ येतं, दाबही कमी, पण वेळ ठरलेली आहे. सूनबाई आता रात्रभर झोपते. मावशींची बीपीची गोळी चालूच आहे, ती एवढ्याने सुटणार नाही.

पण मावशी आता नळाच्या सेक्रेटरी आहेत. बिलाचे पैसे गोळा करून वहीत लिहितात. मध्यंतरी दाब फारच कमी झाला तेव्हा गटातल्या बायकांना घेऊन त्या थेट इंजिनिअरसमोर उभ्या राहिल्या. जोडणीचा नंबर तोंडपाठ होता. मागच्या गल्लीतल्या बायका अर्जासाठी आता त्यांच्याचकडे जातात.