ॲझ्टेकांचा पाडाव वर्गात शिकवताना

कॅलिफोर्नियात सातवीच्या इतिहासात मध्य अमेरिकेतल्या संस्कृती येतात. मी तिथेच शिकवते. ॲझ्टेकांपर्यंत पोचेतो मुलांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झालेली असते: मूठभर स्पॅनिश आले, त्यांच्याकडे घोडे नि तोफा होत्या, राजाला ते देव वाटले आणि साम्राज्य कोसळलं. वर्गातल्या बऱ्याच मुलांचं आजोळ मेक्सिकोतलं आहे. आपले पूर्वज भोळे होते म्हणून हरले, एवढंच मनात घेऊन त्यांनी घरी जावं हे मला मुळीच मान्य नव्हतं.

लढाईच्या आधी मी शहर घेतलं. ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान, तेश्कोको सरोवरातल्या बेटावर वसलेली. काठाशी जोडणारे लांबलचक बांध, आणि चापुल्तेपेकच्या झऱ्यांवरून पाटाने आणलेलं गोडं पाणी. कोरा नकाशा हातात देऊन विचारलं, हे शहर घ्यायचं तर काय कराल? पाणी तोडू, बांध अडवू, होड्या आणू, अशी उत्तरं आली. १५२१ साली स्पॅनिशांचा म्होरक्या एर्नान कोर्तेस याने हेच केलं. सरोवरात १३ जहाजं उतरवली. त्यांचे सुटे भाग त्लाश्काला या शेजारच्या राज्यातल्या लोकांनी डोंगर ओलांडून खांद्यावरून आणले, हे सांगितल्यावर लगेच प्रश्न आला: ते कशाला मदत करतील?

या प्रश्नाचीच मी वाट पाहत होते. १५१९ साली कोर्तेसबरोबर जेमतेम ५०० सैनिक आणि १६ घोडे होते. वेढ्यात मात्र त्याच्या बाजूने हजारो स्थानिक योद्धे लढले. त्लाश्काला मेशिकांच्या, म्हणजे ॲझ्टेकांच्या, ताब्यात कधीच गेलं नव्हतं, पण चारी बाजूंनी कोंडलेलं होतं. मीठ आणि कापूससुद्धा तिथे सहजी पोचत नसे. त्लाश्कालाचे लोक आधी स्पॅनिशांशी लढले, मग त्यांच्याशी हातमिळवणी केली. मी वर्गाची त्लाश्कालाची सभा केली आणि निर्णय मुलांवर सोपवला. एरवी गप्प बसणारी मुलंही हिरिरीने बोलली. मीठ सोडून किती दिवस जगायचं, असं एकाने विचारलं. त्यावर एक मुलगी म्हणाली, "हे पाहुणे काम झाल्यावर परत जातील कशावरून?" तो तास मी मुद्दाम लांबवला. पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या पानात ही माणसं नुसती ‘मित्रपक्ष’ म्हणून उरतात, आणि हा मला त्या पानाचा सगळ्यात मोठा दोष वाटतो.

देव मानल्याच्या गोष्टीसाठी दोन साक्षी शेजारी ठेवल्या. एक, कोर्तेसने सम्राट पाचव्या चार्ल्सला पाठवलेलं पत्र. दुसरी, बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने स्थानिक नाहुआ लेखकांकडून करवून घेतलेला बारा भागांचा ग्रंथ, एका रकान्यात स्पॅनिश आणि दुसऱ्यात नाहुआत्ल, म्हणजे ॲझ्टेकांची भाषा. पत्रातला ॲझ्टेक राजा मोक्तेसुमा कोर्तेसला देव म्हणत नाही. ती कथा सापडते नंतरच्या लिखाणात, पाडावाला काही दशकं उलटल्यावर. कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं, हे प्रश्न मुलं तिथून पुढे आपणहून विचारू लागली.

त्याच ग्रंथात देवीच्या साथीचं चित्र आहे: चटईवर पडलेले, अंगभर फोड आलेले रोगी. १५२० च्या साथीत नवा राजा कुइत्लावाकही गेला. ही साथ आणि तोश्कात्ल सणात कोर्तेसचा सरदार आल्वारादो याने केलेली कत्तल बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सांगताना मी आकड्यांपेक्षा साक्षींवर भर दिला, आणि वाचून झाल्यावर बोलायला पुरेसा वेळ ठेवला. या वयात हे सोसत नाही असं काही पालकांना वाटतं. मला वाटतं, सोसतं. फक्त घाई करू नये.

१३ ऑगस्ट १५२१ ला शेवटचा राजा कुआउतेमोक पकडला गेला आणि शहर पडलं. तिथे धडा संपवायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. नाहुआत्ल आजही १५ लाखांहून जास्त लोक बोलतात. त्लाश्कालाच्या लोकांनी मदतीचा मोबदला स्पॅनिश राजाकडे पिढ्यान् पिढ्या मागितला, काही सवलती मिळवल्या, आणि १५९१ मध्ये त्यांची सुमारे ४०० कुटुंबं उत्तरेच्या सरहद्दीवर वसवायला पाठवली गेली. सभेत शंका काढणाऱ्या त्या मुलीने चाचणीत नेमका हाच भाग निवडून दोन पानं लिहिली. पुढच्या वर्षी त्लाश्कालाला मी आणखी एक पूर्ण तास देणार आहे.