कोजागिरीनंतरची ओहोटी: पारसिक हिलवरून नवी मुंबईचा मोठा पनोरमा

शेजारशेजारचे बरेच फोटो जोडून नवी मुंबईच्या किनाऱ्याचं एक मोठं चित्र, म्हणजे पनोरमा, करायला निघण्याआधी पंचांग उघडा. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमारास. त्यात सव्वासहा तास मागेपुढे केले की ओहोटी. म्हणजे द्वितीयेला सकाळी सव्वासातच्या आसपास पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं, आणि पौर्णिमा नुकतीच झाल्याने उधाणाचे दिवस, त्यामुळे ते खूप लांबवर जातं. खाडीत आत ही वेळ थोडी पुढे सरकते. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच, पण दिवस ठरवायला हा हिशोब पुरतो.

म्हणून मी कोजागिरीनंतरची द्वितीया धरली. पाऊस नुकताच गेलेला, हवा धुतलेली. भाऊबीजही द्वितीयाच, पण तोवर फटाक्यांचा धूर साचलेला असतो. थंडीत तर सकाळची गार हवा धूर आणि धूळ खालीच दाबून ठेवते. पाच किलोमीटरवरच्या इमारती पुसल्यासारख्या दिसतात. तिथे महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

पारसिक हिलवर जायला बेलापूर स्टेशनवरून उजाडायच्या आधी रिक्षा केली. चढ चांगलाच उभा आहे, सामान घेऊन चालत जाण्यात दम घालवू नका. वर वस्ती आहे, फिरायला येणारे लोक असतात. ट्रायपॉड रस्त्याच्या कडेला, कोणाच्या फाटकापासून लांब लावा आणि कोणी विचारलं तर काय करतोय ते नीट सांगा. आदल्या दिवशी येऊन झाडांमधली मोकळी जागा हेरून ठेवली असेल तर उत्तम, कारण अंधारात ती सापडत नाही.

कुठून कुठवर टिपायचं हेही आधीच ठरवा. पश्चिमेला खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर आणि भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. लांब लेन्स तिकडे वळवायची नाही, एवढा नियम पक्का ठेवा. पूर्वेच्या टोकाला सकाळचा सूर्य लेन्समध्ये घुसतो. मी या दोहोंच्या मधला, सीवूड्सपासून दक्षिणेकडे पनवेल खाडीपर्यंतचा साधारण ९० अंशांचा पट्टा घेतला. विमानतळ जवळ असल्याने ड्रोन घरीच ठेवा.

आता आकडे. फुल फ्रेम कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, २०० मिमी लेन्स, कॅमेरा उभा. एका फ्रेममध्ये आडवे जेमतेम सात अंश मावतात. शेजारच्या फ्रेम तीस टक्के एकमेकींवर चढवल्या तर एका ओळीला १९ फ्रेम लागतात, तीन ओळींना ५७. जोडल्यावर हाती येतात सुमारे ७५ कोटी पिक्सेल. नीट छापलं तर चौदा फुटांहून लांब चित्र. तीन किलोमीटरवर एक पिक्सेल म्हणजे नऊ सेंटिमीटर.

सगळं मॅन्युअल ठेवा: एफ/८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ठरावीक, फोकस एकदा लांबच्या इमारतीवर पक्का करून मग हात लावायचा नाही. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. समोर जवळचं गवत किंवा कठडा फ्रेममध्ये येत असेल तर नोडल पॉइंट (लेन्समधला असा बिंदू, ज्याभोवती कॅमेरा फिरवला तर जवळच्या-लांबच्या वस्तू एकमेकींपासून सरकत नाहीत) जुळवलेलं पनोरमा हेड लागेल. सगळं लांबचंच असेल तर साधं हेडही चालतं.

आणि सुरुवात खालच्या ओळीपासून करा. बहुतेक जण आधी इमारतींची रांग आणि आकाश घेतात, खालचा भाग राहून जातो किंवा कापला जातो. माझ्या मते या शहराचं सगळ्यात मोलाचं चित्र त्याच ओळीत आहे: खारफुटी, उघडा पडलेला गाळ, त्यातून वळत गेलेल्या पाण्याच्या वाटा, आणि १९७० साली सिडको स्थापन होण्याच्या कितीतरी आधीपासून इथे असलेले कोळीवाडे. पाणी पुन्हा चढायला लागलं की काठाची रेषा सरकते आणि शेजारच्या फ्रेम जुळत नाहीत, म्हणून ही ओळ एका दमात संपवायची. घरी येऊन चित्र शंभर टक्क्यांवर उघडलं, तेव्हा दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूला इमारतींच्या फटीतून गाळात कलंडलेल्या होड्या दिसल्या. एकीच्या काठावर जाळं टाकलेलं, शेजारी कंबरेत वाकलेला माणूस, उंची पंधरा-सोळा पिक्सेल. नुसत्या डोळ्यांनी वरून तिथे करडा पट्टा दिसतो.

जवळच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत मात्र याहून कितीतरी जास्त दिसतं. कपडे, माणसं, उघड्या खिडक्या. चित्र लोकांसमोर ठेवण्याआधी तेवढा भाग धूसर करा.

नऊ वाजेपर्यंत आवरा. ऑक्टोबरचं ऊन तापलं की गाळावरची हवा थरथरते आणि सरळ इमारतींच्या कडा वाकड्या होतात.

वाशीच्या पुलासाठी तिथी उलटी लागते. वाशीच्या खाडीकाठच्या सागर विहारला अष्टमीच्या संध्याकाळी गेलो: सहाच्या पुढे पाणी भरलेलं आणि भांगाचे (भरती-ओहोटीत कमी फरक असण्याचे) दिवस असल्याने शांत. दिवे लागल्यावर निळं आकाश वीसेक मिनिटंच टिकतं, त्यामुळे इथे २०० मिमीचा हट्ट नको. ८५ मिमी, एकच ओळ, नऊ-दहा फ्रेम, प्रत्येकी आठ ते दहा सेकंद. लाटा गुळगुळीत होतात, गाड्यांचे दिवे सलग रेघ होतात, आणि दोन्हींमुळे सांधे लपतात. डासांचं औषध लावून जा. चांगल्या कोनासाठी खारफुटीत मात्र शिरू नका.

फ्रेम जोडायला हगिन हे सॉफ्टवेअर पुरतं, ते फुकट आहे. पाण्यावरचे जुळणीचे बिंदू काढून टाका, किनाऱ्यावर आणि इमारतींवर हाताने द्या. प्रक्षेपण, म्हणजे वळणारं दृश्य सपाट चित्रात बसवायची पद्धत, सिलिंड्रिकल ठेवा. दोन फ्रेममध्ये पुढे सरकलेली होडी दोनदा उमटते, तिथे एका फ्रेममध्ये मास्क लावून तो भाग झाकायचा. सोळा बिटची फाइल चार जीबीच्या वर जाते आणि साध्या टिफमध्ये मावत नाही. बिगटिफ किंवा पीएसबी हे मोठ्या फाइलसाठीचे प्रकार निवडा, आणि जोडणी सुरू करण्याआधी डिस्कवर भरपूर जागा रिकामी करून ठेवा.