आधी हात पोटावर, मग फोन

एनक्लेक्स या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या परीक्षेच्या सरावाला बसणाऱ्या आपल्या सिस्टरना आजार बरोबर ओळखता येतो. मार्क जातात ते त्यानंतर पहिलं काय करायचं, या प्रश्नावर. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका रविवारच्या वर्गात हे इतकं उघड दिसलं, की ती केस इथं सविस्तर मांडते.

अमेरिकेत नर्स म्हणून लायसन्स देणाऱ्या या परीक्षेचं स्वरूप एप्रिल २०२३ पासून बदललं. आता किमान ८५ प्रश्नांतले १८ प्रश्न तीन रुग्णांवर असतात, एकेका रुग्णावर सहा. खुणा ओळखणं, त्यांचा अर्थ लावणं, सगळ्यात घातक शक्यता वर आणणं, उपाय ठरवणं, कृती करणं आणि परिणाम तपासणं, अशी सहा पायऱ्यांची ती चढण आहे. पुढच्या प्रश्नावर गेलं की मागं येता येत नाही.

त्या दिवशीची बाळंतीण २९ वर्षांची, चौथी खेप, बाळ ४.२ किलोचं, आणि तिला दम्याचा त्रास. दहा वाजता गर्भाशय घट्ट, बेंबीच्या पातळीवर, पल्स ८४, बीपी ११८/७२. पाऊण तासानं चार्टवर नवी नोंद: गर्भाशय मऊ, बेंबीच्या दोन बोटं वर आणि उजवीकडं सरकलेलं, पॅड पंधरा मिनिटांत भिजला, बाळंतपणानंतर लघवी झालेली नाही, पल्स ११२, बीपी ११६/७४. त्यासोबत अंग थरथरतंय, ताप ३७.७ सेल्सिअस, पांढऱ्या पेशी १६,०००.

चार्टमधल्या चिंतेच्या खुणा अधोरेखित करा, हा पहिला प्रश्न. एका विद्यार्थिनीनं आठ खुणा केल्या. त्यात पाच बरोबर होत्या. थरथर, ताप आणि पांढऱ्या पेशी या तीन चुकीच्या. या प्रकारात बरोबर खुणेला एक मिळतो, चुकीच्या खुणेला एक कापला जातो (शून्याच्या खाली मात्र जात नाही), म्हणून तिच्या हातात आले दोन. शेजारच्या मुलीनं चारच खुणा केल्या, चारही बरोबर, आणि चार मार्क घेतले. बाळंतपणानंतर थंडी वाजणं, पहिल्या २४ तासांत ३८ पर्यंत ताप आणि पेशी वाढणं हे नेहमीचं आहे. वॉर्डात जास्तीची नोंद करून ठेवली तर काही बिघडत नाही. या प्रश्नात तीच सवय मार्क खाते.

बीपीनं अनेकींना फसवलं. आकडा नॉर्मल म्हणून त्या निर्धास्त झाल्या. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं, त्यामुळं बरंच रक्त जाईपर्यंत बाळंतिणीचं बीपी टिकून राहतं. आधी पल्स चढतो. पल्सला वरच्या बीपीनं भागून बघा: दहा वाजता ०.७१, पाऊण तासानं ०.९७. हा आकडा ०.९ च्या पुढं गेला की सावध व्हायचं. अशा चार्टमध्ये एकटा आकडा वाचू नका, मागच्या वेळेचा शेजारी ठेवून वाचा.

निदानाचे प्रश्न भराभर सुटले. गर्भाशय मऊ, म्हणजे ते आकुंचन पावत नाही आणि म्हणून रक्त जातंय. गर्भाशय घट्ट असूनही लालभडक धार लागली असती, तर फाटलेल्या जागेचा संशय घ्यायचा. इथवर कुणी अडलं नाही.

कृतीच्या प्रश्नावर मात्र अर्ध्याहून अधिक वर्गानं 'डॉक्टरांना कळवणे' निवडलं. गडहिंग्लजकडची, लेबर रूमची नाईट करून थेट वर्गाला आलेली एक सिस्टर म्हणाली, "मॅडम, आमच्यात डॉक्टरांना सांगितल्याबिगर काय करायचं नाही, असंच बिंबवलंय की." मी टेबलावर उशी ठेवली आणि म्हटलं, ही बाई तुमच्यासमोर आहे, रक्त जातंय, करा. तिचा डावा हात लगेच ओटीपोटाच्या हाडाच्या वर टेकला, उजवा गोलाकार चोळायला लागला आणि तोंडानं ती शेजारणीला म्हणाली, "सरांना फोन लाव, ऑक्सिटोसिन काढ." क्रम अचूक होता. कागदावर मात्र तिनं नेमकं उलटं लिहिलं होतं.

म्हणून 'डॉक्टरांना कळवणे' हा पर्याय समोर आला की आधी बघायचं: ऑर्डरशिवाय, माझ्या हातानं आत्ता करता येईल आणि जीव वाचेल असं या यादीत काही आहे का? असेल तर ते पहिलं, आणि बाईला एकटं न सोडता मदतीला हाक. तसं काहीच नसेल तेव्हा कळवणं पहिलं येतं. खालचा हात आधाराला का, हेही पक्कं हवं: आधाराशिवाय मऊ गर्भाशय दाबलं तर ते उलटू शकतं. गुठळ्या काढायच्या त्या गर्भाशय घट्ट झाल्यावरच.

मूत्राशयाचा क्रमही इथंच गोंधळात टाकतो. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर आणि बाजूला ढकलतं. गर्भाशय घट्ट आहे पण सरकलंय, तर आधी लघवी करवायची. मऊ आहे आणि रक्त जातंय, तर आधी मसाज आणि लगेच मूत्राशय रिकामं.

ऑक्सिटोसिनसारख्या, गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या औषधांच्या तक्त्यात दम्यामुळं कार्बोप्रोस्ट बाद होतं, कारण त्यानं श्वासनलिका आकसतात. बीपी वाढलेलं नसल्यानं मिथाइलअर्गोनोव्हिन चालतं. लेबर रूममध्ये आपण याला मेथर्जिन म्हणतो. परीक्षेत ब्रँडनं विचारत नाहीत, म्हणून मूळ नावं पाठ हवीत.

शेवटचा प्रश्न परिणामाचा. सव्वाअकराची नोंद: गर्भाशय घट्ट, मधोमध; कॅथेटरनं ६०० मिली लघवी; पल्स ९६; हिमोग्लोबिन ११.२. यातलं हिमोग्लोबिन सोडून बाकी सगळं सुधारणेचं लक्षण. रक्त गेल्यावर हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही, त्यामुळं त्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा पॅडचं वजन करा: कोरा २५ ग्रॅम, भिजलेला १०५, म्हणजे सुमारे ८० मिली रक्त. एक ग्रॅमला एक मिली धरायचं.

पुढच्या वेळी हीच बाळंतीण पुन्हा घ्यायची ठरली. दमा काढून टाकायचा, बीपी १६०/१०४ करायचं आणि झटके येऊ नयेत म्हणून देतात ते मॅग्नेशियम सल्फेट चालू ठेवायचं. मग मिथाइलअर्गोनोव्हिन बाद होतं, कार्बोप्रोस्ट परत येतं आणि गर्भाशय मऊ पडायला मॅग्नेशियम हेही एक कारण होऊन बसतं.