तुम्ही विचारलंत म्हणून : कॅल्क्युलेटरवर ‘पाऊण’ कसा मारायचा?

मी भुसावळला आयटीआयच्या पोरांना वर्कशॉप कॅल्क्युलेशन शिकवते. दरवर्षी नवी बॅच आली की पहिल्या महिन्यात एकच प्रश्न येतो, आणि आता तर पोरांचे वडीलही विचारायला लागलेत: मॅडम, कॅल्क्युलेटरवर अपूर्णांक कसा टाकायचा? भागाकाराचं बटण आहे ना, मग वेगळं कशाला?

‘कशाला’चं उत्तर आधी देते. परवाच एका पोराला गणित घातलं: ६ फुटी सळई आहे, पाऊण-पाऊण फुटाचे तुकडे किती निघतील? त्यानं ६ ÷ ३ ÷ ४ मारलं. पडद्यावर ०.५. पोरगा थोडा वेळ पडद्याकडे बघत बसला, मग म्हणाला, “मॅडम, मन्हं कॅल्क्युलेटर बिघडी गयं!” बिघडलं काहीच नव्हतं. त्यानं ६ला आधी ३नं भागलं, मग आलेल्या २ला ४नं. मशीननं सांगितलं तेवढंच केलं. ६ फुटांच्या सळईतून अर्धा तुकडा निघत नाही हे त्याला कळलं, याचंच मला जास्त बरं वाटलं. बरीच पोरं ०.५ लिहून मोकळी होतात.

माझे आजोबा सावद्याचे. केळीचा हिशेब तोंडी करायचे. त्यांना अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, सगळं पाठ होतं, साडेतीनाची औटकीसुद्धा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड… आठ पाऊण सहा. म्हणजे सळईचं उत्तर ८, कागद न लागता. त्यांच्या डोक्यात ‘तीन भागिले चार’ असं काही नव्हतंच. पाऊण हा एक आकडा होता, ५ किंवा ७ सारखाच. कॅल्क्युलेटरवरची अपूर्णांकाची कळ नेमकं हेच करते. ती ३ आणि ४ची मोळी बांधते, आणि मग भागाकार त्या अख्ख्या मोळीशी होतो.

आता कळ कुठली? आमच्याकडे बहुतेक पोरांकडे कॅसिओचं एफएक्स-८२एमएस किंवा त्याच तोंडवळ्याचं एखादं असतं. त्यावर ‘ए बी बाय सी’ लिहिलेली कळ आहे. ३, ती कळ, ४ असं दाबलं की ३┘४ दिसतं. मधली ती कोपऱ्यासारखी खूण म्हणजे अपूर्णांकाची रेघ. पावणेतीन हवे असतील तर २, कळ, ३, कळ, ४. सळईसाठी ६ ÷ ३┘४ मारलं, की उत्तर ८. उत्तर अपूर्णांकात आलं आणि दशांशात हवं असेल तर बरोबरच्या चिन्हानंतर तीच कळ पुन्हा दाबायची.

कॅसिओच्याच ईएस मालिकेतल्या मशीनवर वहीत लिहितो तसाच, वरखाली दोन चौकटींचा अपूर्णांक येतो. बाणाच्या कळीनं खालच्या घरात उतरायचं. मिश्र अपूर्णांक हवा तर आधी शिफ्ट. दशांशासाठी ‘एस-डी’ची कळ.

पोरं सगळ्यात जास्त मार्क घालवतात ते संख्येचा वर्ग काढताना. दोन तृतीयांशाचा वर्ग काढायचा असतो आणि एमएसवर २┘३ला पुढे वर्गाची कळ चिकटवतात. मशीन वर्ग आधी करतं, रेघ नंतर मारतं. म्हणून वर्ग फक्त ३चा होतो आणि उत्तर ४/९च्या जागी २/९ येतं. कंस घाला, मगच वर्ग. ईएसवरही खालच्या घरातून बाहेर न पडता वर्ग मारला की हेच होतं, फरक इतकाच की तिथे चूक डोळ्यांना दिसते. मला विचाराल तर शिकायला ईएसच बरं. पण किमतीमुळे घरातल्या थोरल्याचं एमएसच धाकट्याकडे येतं, आणि त्यात वाईट काही नाही.

“मॅडम, मी अपूर्णांकच टाकला, उत्तर दशांशात का आलं?” हेही नेहमीचंच. कुठेतरी दशांश मिसळलेला असतो. ५┘८ इंचाचे मिलिमीटर करायला २५.४नं गुणलं की १५.८७५च येणार. किंवा अपूर्णांक फार लांबलेला असतो: एमएसवर सगळे आकडे आणि खुणा मिळून १०च्या वर गेल्या की मशीन आपणहून दशांशावर येतं.

एक चूक माझी स्वतःची. नोकरीच्या सुरुवातीला वर्कशॉपमधल्या एका कामासाठी ५/८ आणि ३/४ची बेरीज केली. पडद्यावर १┘३┘८ होतं. मशीन जुनं, पडदा फिका, पहिली खूण मला दिसलीच नाही. मी वाचलं तेरा अष्टमांश, म्हणजे तेरा सूत (आमच्याकडे इंचाचे आठ सूत), आणि पट्टी कापली. हवे होते अकरा. पट्टी पाव इंच लांब निघाली म्हणून घासून भागलं; आखूड निघाली असती तर भंगारात गेली असती. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये मी उत्तर मिश्र ठेवतच नाही. शिफ्ट दाबून तीच अपूर्णांकाची कळ दाबली की ११┘८ येतं. खाली ८ असले की वरचा आकडा म्हणजे थेट सूत. पट्टीवर मोजायचे आणि खूण करायची.

त्या सळईवाल्या पोरानं दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, “मॅडम, औटकी म्हणजे साडेतीनची ना? मग मशीनवर ३, कळ, १, कळ, २?” हो, तसंच.