फोन त्यांच्याच हातात राहू द्या

कॉलेजची मुलं आणि आजी-आजोबांच्या वयाची माणसं शेजारी बसून फोन शिकत असली की मी आधी एकच बघते, फोन कोणाच्या हातात आहे. कारण होतं काय, आजोबा विचारतात "हा फोटो पाठवायचा कसा?" आणि मुलगा फोन घेतो, पटापट बोटं मारतो आणि "झालं बघा आजोबा" म्हणून परत देतो. फोटो गेला खरा पण आजोबांना काय कळलं? काहीच नाही. वेळ लागू दे, चुकू दे, बोट त्यांचंच हवं.

आणि त्या बोटाचाही विचार करा ना. वय झालं की त्वचा कोरडी पडते, टचस्क्रीन चालतो बोटाच्या स्पर्शाने विजेत होणाऱ्या बारीकशा बदलावर, त्यामुळे कोरडं बोट कधीकधी त्याला कळतच नाही, मग माणूस जोर लावून दाबून धरतो आणि लाँग प्रेस होऊन भलताच मेनू उघडतो. यात "तुम्हाला जमत नाही" असं काही नसतं! अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत टच अँड होल्ड डिले, म्हणजे किती वेळ दाबल्यावर लाँग प्रेस धरायचा तो वेळ, वाढवता येतो, आयफोनमध्ये स्पर्शाला फोनने कसा प्रतिसाद द्यायचा ते ठरवणारं टच अकोमोडेशन्स आहे. अक्षरं मोठी करा, हे सेटिंग करा, शिकवणं त्यानंतर.

तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू हेही सांगावं लागतं. १९८१च्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स या डिझायनरने ते चिन्ह काढलं, पण ज्याला कोणी सांगितलंच नाही त्याला त्या नुसत्या रेघाच दिसणार. उलट सेव्हच्या चिन्हातली फ्लॉपी, म्हणजे फाइली साठवायची जुनी चकती, काकांनी वापरलेली असते आणि मुलांनी बघितलेलीही नसते, तेव्हा सांगायची पाळी काकांची :)

मला सगळ्यात आवडतात ते मोठ्यांचे प्रश्न. "टॉर्चच्या अ‍ॅपला माझे कॉन्टॅक्ट कशाला हवेत गं?" असं एखाद्या काकूंनी विचारलं की मुलगी थांबते, कारण ती स्वतः न वाचता अलाऊ दाबत आलेली असते. मग दोघी मिळून परमिशन मॅनेजर उघडतात, कुठल्या अ‍ॅपला माइक दिलाय, कुठल्याला लोकेशन, एकेक बघत बसतात, आणि काकूंचा फोन झाला की मुलगी स्वतःचा काढते.