विसावा माणूस आणि फंड: छोट्या कारखान्यात पीएफ लागू करतानाचा माझा अनुभव

आमचं युनिट कोरुगेटेड बॉक्सचं, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांचं. एमआयडीसीतला एक गाळा, प्रोप्रायटरी फर्म, माणसांचं सगळं मीच बघते. हजेरी, पगार, उचल, खाडे, सुट्ट्या, भांडणं, सगळं. दहा माणसं झाली तेव्हा ईएसआय, म्हणजे कामगारांच्या उपचारांची आणि विम्याची सरकारी योजना, घेतलं होतं. कामगार अठरा-एकोणीस झाले आणि दुसरी शिफ्ट सुरू करायची वेळ आली, तेव्हा समोर काय आहे ते मला माहीत होतं. भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ, आमच्या बोलण्यात फंड) १९५२ चा कायदा तेव्हा विसाव्या माणसाला लागू होत असे आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नसे. बोनसचा कायदाही विसालाच. विजेवर चालणाऱ्या युनिटला महाराष्ट्रात कारखाने अधिनियमही त्याच आकड्यावर येत असे. म्हणजे विसावा माणूस एकटा येत नाही.

सल्ले भरपूर मिळाले, तेही आपुलकीने. कोणी म्हणालं, एकोणीसवर थांबा. कोणी म्हणालं, घरच्यांच्या नावावर दुसरी फर्म काढा आणि निम्मी माणसं तिकडे दाखवा. कोणी म्हणालं, पाच-सहा जण लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे टाका. एका कन्सल्टंटने तर पगारपत्रकच मांडून दाखवलं: बेसिक निम्म्याहून कमी, बाकी सगळे भत्ते, म्हणजे फंड फक्त बेसिकवर. मी हे सगळं शांतपणे तपासून पाहिलं. कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेली माणसंही मोजणीत धरली जातात. एकाच गाळ्यात, एकाच मालावर, एकाच हाताखाली चाललेलं काम दोन नावांनी दाखवलं तरी तपासणीत ते एकच आस्थापना ठरू शकतं. आणि भत्त्यांचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा मूळ वेतनाचाच भाग धरायचा. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ते पटत नव्हतं. जी माणसं माझ्याकडे वर्षानुवर्षं उभी राहून काम करतात, त्यांना कागदावर कमी दाखवून मी काय वाचवणार होते?

तर ठरलं की फंड घ्यायचा. आणि तो पुढच्या कुठल्या तरी महिन्यापासून नाही, तर विसावा माणूस ज्या दिवशी हजर होईल त्या दिवसापासून. हे महत्त्वाचं आहे, कारण जबाबदारी नोंदणीच्या तारखेपासून नाही, वीस पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते आणि उशिराच्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, दंड वेगळा.

नोंदणी ऑनलाइन श्रम सुविधा पोर्टलवर झाली. पॅन, जागेचा कागद, बँकेचा रद्द केलेला चेक, डिजिटल सही. ते काम सरळ आहे, त्यावर फार लिहीत नाही. खरं काम त्याच्या आधी होतं: माणसांना सांगणं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मशिन बंद ठेवून सगळ्यांना बसवलं. पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत रोटरी मशिनवरचे काका म्हणाले, “मॅडम, फंड नको. हातात किती येणार तेवढं सांगा.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचं चूक नव्हतं. खोलीचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, मुलांची फी हे सगळं हातातल्या रकमेवर ठरलेलं असतं. त्यात अठराशे रुपये कमी झाले तर ते कुठून आणायचे?

म्हणून मी दोन गोष्टी आधीच ठरवून गेले होते. एक, मालकाचा हिस्सा मी पगारातून वळता करणार नाही. तसं करायला कायद्याची परवानगीच नाही, तरी अनेक ठिकाणी “सीटीसी”च्या (मालकाला पडणारा एकूण खर्च) नावाखाली आधीच ठरलेल्या पगारातून तो कापला जातो. दोन, एप्रिलची पगारवाढ आधीच द्यायची, फंड सुरू होईल त्याच महिन्यात. मग फळ्यावर एका हेल्परचा हिशोब मांडला. आधी पगार १४,०००. ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १०५, व्यवसाय कर २००, हातात १३,६९५. आता पगार १५,०००. फंड १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय ११३, व्यवसाय कर २००, हातात १२,८८७. म्हणजे हातात ८०८ रुपये कमी. तो आकडा मी मोठा लिहिला, लपवला नाही. मग त्याच्या शेजारी दुसरा लिहिला: दर महिन्याला त्याच्या नावावर ३,६००. त्याचे १,८०० आणि माझे १,८००. माझ्यातले १,२५० पेन्शनला, ५५० त्याच्या फंडाला. विम्याचे आणि प्रशासन खर्चाचे प्रत्येकी ७५ रुपये वेगळे, तेही माझ्याकडून.

बायकांचा हिशोब थोडा वेगळा आला. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात दोनशे जास्त. ते पाहून पुरुषांनी थोडी कुरकुर केली, बायका हसल्या, आणि वातावरण जरा सैल झालं.

पेन्शन हा शब्द ऐकून कोणी फारसं हललं नाही. अठ्ठावन्न वर्षं आणि दहा वर्षांची सेवा हे तिशीतल्या माणसाला फार लांब वाटतं. पण मी सांगितलं की एका महिन्याची जरी वर्गणी भरलेली असली आणि माणूस सेवेत असताना गेला, तरी विधवेला पेन्शन लागते, आणि विम्याचे कमाल ७ लाखांपर्यंत वारसाला मिळू शकतात. त्यावर शांतता पसरली. आणि मग स्टिचिंगवरचा मुलगा स्वतःहून बोलला. गेल्या वर्षी बॉक्स शिवायच्या मशिनची तार त्याच्या बोटातून आरपार गेली होती. मी लगेच ऑनलाइन अपघात अहवाल भरला, ईएसआयच्या दवाखान्यात उपचार झाले आणि घरी बसलेल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांप्रमाणे पैसे त्याच्या खात्यात आले. कामावरच्या दुखापतीला आधी किती दिवस वर्गणी भरली होती हे पाहिलं जात नाही, हे त्याच्या बाबतीत सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो एवढंच म्हणाला, “तेव्हा कपात होत होती म्हणून मिळालं.” माझ्या फळ्यावरच्या आकड्यांपेक्षा त्याच्या या वाक्याने जास्त काम केलं, असं मला आजही वाटतं.

यानंतर कागद. कोणी मला विचारलं की फंड लागू करताना सर्वात जास्त वेळ कशात जातो, तर मी सांगेन: नावांत.

यूएएन, म्हणजे प्रत्येकाचा फंडाचा कायमचा नंबर, आधारवरच्या नावाने निघतो. आधार, बँक आणि पॅन तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख जुळली पाहिजे, नाहीतर केवायसी अडकते आणि पुढे पैसे काढताना दावा परत येतो. आमच्या पॅकिंगमधल्या एका ताईंचं उदाहरण घ्या. आधारवर माहेरचं आडनाव. बँकेच्या पासबुकावर सासरचं, आणि नावापुढे “बाई” जोडलेलं. आधारला मोबाइल नंबर नवऱ्याचा, आणि तो दुसऱ्या कंपनीत रात्रपाळीला, म्हणजे ओटीपी त्याच्या उशाशी आणि ताई माझ्यासमोर. आम्ही क्रम ठरवला: आधी आधार केंद्रात त्यांचा स्वतःचा नंबर जोडला आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आडनाव बदललं, मग बँकेत आधारप्रमाणे नाव करून घेतलं, आणि शेवटी यूएएन काढला. हाच क्रम ठेवा. आधी यूएएन काढून मग आधार बदललं की मालक आणि कामगार दोघांनी मिळून द्यायचं संयुक्त घोषणापत्र भरत बसावं लागतं. या खटपटीत त्यांना स्वतःच्या नावाचं धड चालणारं बँक खातं मिळालं, ही मला वेगळी जमेची बाजू वाटली.

जन्मतारखांची तर गंमतच. निम्म्या जणांची १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लावलेली. काहींची आधारवर १ जानेवारी. पेन्शनचं वय त्याच तारखेवरून मोजलं जाणार, म्हणून शाळेचा दाखला असेल त्याचा दाखला मागवून आधीच सुधारून घेतलं.

मग फॉर्म ११. यात माणसाला आधी कुठे फंड होता का ते लिहायचं असतं. प्रिंटिंगवरचा ऑपरेटर आधी “नाही” म्हणाला, कारण त्याच्या मते जुन्या कंपनीतले पैसे बुडाले होते. शोधलं तर त्याच्या नावावर दोन यूएएन निघाले. एका जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती, म्हणून रक्कम हलत नव्हती. नोकरी सोडून दोन महिने झाले की ही तारीख कामगार स्वतः पोर्टलवर भरू शकतो, हे फार जणांना माहीत नसतं. त्याने ती भरली, जुनी शिल्लक नव्या खात्यात वर्ग केली आणि पासबुक उघडून सगळ्या कारखान्यात दाखवत फिरला. त्या दिवसानंतर फंडाबद्दल माझ्याकडे तक्रार आली नाही, उलट नवीन येणारा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, “फंड आहे ना?”

महिन्याचं काम आता रुळलंय. एक ते तीन तारखेला मस्टर बंद, खाडे आणि ओव्हरटाइमची सही, पाचच्या आत पगारपत्रक, दहाच्या आत ईसीआर (फंडाचं महिन्याचं विवरणपत्र) अपलोड आणि चलन. शेवटची तारीख पंधरा असते, पण पंधरावर जाऊ नका. आमच्या सीएंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं: कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम मुदतीनंतर भरली तर तेव्हाच्या आयकर नियमात तो खर्च कायमचा नाकारला जात असे. चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ ला हे पक्कं केलं. आणि कापून भरलीच नाही, तर तो फौजदारी विश्वासघात. मला हा नियम कडक वाटत नाही. ते पैसे माझे नसतातच.

बोनस ८.३३ टक्के आम्ही दिवाळीआधी देतो. दहा माणसं झाली की लागणारी, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समितीही केली आहे, बाहेरची सदस्य एक स्थानिक वकील आहेत. ती नुसती भिंतीवरच्या फलकासाठी ठेवायची नाही, म्हणून समितीतल्या दोघींचे नंबर पॅकिंगच्या टेबलाशी लावले आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चारही कामगार संहिता लागू झाल्यावर पुन्हा एकदा सगळं काढून बसावं लागलं. प्रत्येकाला नियुक्तीपत्र हवं, तर ते मराठीत आणि हिंदीत केलं आणि वाचून दाखवूनच सही घेतली. माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचा हिशोब दोन कामकाजी दिवसांत द्यायचा, म्हणून उचलीची वही आता रोजच्या रोज बंद होते. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरायची, हा नियम आला तेव्हा आमच्या पगारपत्रकात एक ओळही बदलावी लागली नाही.

सध्या ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायच्या रकमेचं, चालू आहे. पंधरा भागिले सव्वीस गुणिले महिन्याचा पगार गुणिले वर्षं. १५,००० वर एका वर्षाचे साधारण ८,६५४ होतात. रोटरीवरच्या काकांची वर्षं सर्वात जास्त, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करून प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहिली, आणि दर महिन्याला तेवढा भाग वेगळ्या खात्यात टाकायला लागले आहे. एलआयसीच्या ग्रॅच्युइटी योजनेची माहिती मागवली आहे, ती आली की त्यात घ्यायचं की असंच खात्यात ठेवायचं ते ठरवू.